लीन उत्पादनाच्या प्रशिक्षणातील अभिरूप खेळ : मापन अध्ययनाचे की खेळाचे?

प्रास्ताविक

लीन उत्पादनपद्धती शिकविण्यासाठी अभिरूप खेळांचा, म्हणजे ज्यांना आपण व्यवहारात सिम्युलेशन गेम म्हणतो त्यांचा, उपयोग करणे ही गोष्ट अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालयांत आता नवलाची राहिलेली नाही. कागदी विमाने, लेगोचे ठोकळे, फासे आणि काड्या अशा साध्या साहित्यावर चार-सहा विद्यार्थ्यांची एक उत्पादनसाखळी मांडली जाते. पहिल्या फेरीत माल बॅचने पुढे सरकतो. दुसऱ्या फेरीत पुढच्या टप्प्याने मागितल्याखेरीज मागच्याने करावयाचे नाही असा नियम येतो. तिसऱ्या फेरीत एकेक नग हातोहात पुढे जातो. प्रत्येक फेरीचे आकडे फळ्यावर लिहिले जातात, ते फेरीगणिक सुधारतात, वर्गात उत्साह संचारतो आणि शेवटी अभिप्राय पत्रक भरून घेतले जाते. यथावकाश विभागाच्या अहवालात एक वाक्य येते : विद्यार्थ्यांनी लीन उत्पादनाची तत्त्वे आत्मसात केली. हे वाक्य कोणत्या पुराव्यावर उभे असते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाची पार्श्वभूमी वाचकांस परिचित असल्याने ती विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. ताइची ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोयोटाच्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत घडविलेल्या पद्धतीला 'लीन' हे नाव जॉन क्राफचिक यांच्या १९८८ मधील लेखाने दिले आणि वोमॅक, जोन्स व रूस यांच्या 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' (१९९०) या ग्रंथाने ते सर्वतोमुखी केले. ओनो यांची शिकविण्याची रीत निराळी होती. कारखान्याच्या फरशीवर खडूने वर्तुळ आखून त्यात शिकाऊ अभियंत्याला तासन्‌तास उभे करायचे आणि त्याला काय दिसले ते विचारायचे, अशी त्यांची ख्याती आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला हे साधणारे नाही, म्हणून खेळ आला. खेळाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि खेळ बंद करावेत असा प्रस्तुत लेखकाचा मुळीच आग्रह नाही. प्रश्न मापनाचा आहे.

बदुरदीन, मार्क्सबेरी, हॉल आणि ग्रेगरी यांनी 'सिम्युलेशन अँड गेमिंग' या नियतकालिकात २०१० साली लीन उत्पादनाच्या खेळांचे एक सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यांनी चार उणिवा नोंदविल्या : सहकार्य व संवाद यांसारख्या मृदू कौशल्यांकडे दुर्लक्ष, सरळ रेषेतील उत्पादनसाखळीवरच भर, संचालकाच्या भूमिकेविषयीचा गैरसमज आणि वास्तवाशी असलेला तुटपुंजा संबंध. या चारही उणिवा खेळाच्या रचनेच्या आणि संचालनाच्या आहेत. त्या दूर झाल्या तरी खेळणाऱ्याने काय मिळविले हे आपोआप कळत नाही. किंबहुना खेळ जितका रंगतो तितका हा प्रश्न विचारण्याची गरज कमी वाटू लागते, हीच खरी अडचण आहे.

फळ्यावरचे आकडे

खेळाच्या यशाचा पहिला पुरावा म्हणून फळ्यावरचे आकडे पुढे केले जातात. पहिल्या फेरीत पंधरा नग आणि तिसऱ्या फेरीत सत्तावीस नग झाले की लीन पद्धतीने उत्पादन वाढते हे 'सिद्ध' होते, आणि ते विद्यार्थ्यांनी स्वतः घडवून आणले असल्यामुळे त्यांना ते समजलेच असणार असे गृहीत धरले जाते. या दोन्ही अनुमानांत दोष आहे. तो पाहण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहू. यातील आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.

एका साखळीत चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला एका नगासाठी बरोबर १० सेकंद लागतात असे समजू. बॅच पाच नगांची असेल तर पहिली बॅच २०० सेकंदांनी बाहेर पडते आणि नंतर दर ५० सेकंदांनी एक बॅच मिळते. फेरी पाच मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंदांची असेल, तर हाती येतात १५ नग. आता तीच साखळी एकेका नगाने चालवू. पहिला नग ४० सेकंदांनी बाहेर येतो, नंतर दर १० सेकंदांनी एक. ३०० सेकंदांत २७ नग होतात. वाढ ८० टक्के! कोणीही अधिक वेगाने काम केलेले नाही, कोणी काही शिकलेले असण्याचीही आवश्यकता नाही. माणसांच्या जागी चार यंत्रे बसविली असती तरी हेच आकडे आले असते.

याच साखळीला आठ तासांची पाळी देऊन पाहिले म्हणजे गंमत कळते. बॅच पद्धतीने २,८६५ नग होतात आणि एक-नग पद्धतीने २,८७७. फरक १२ नगांचा, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. पाच मिनिटांच्या खेळात दिसलेली ८० टक्के वाढ ही रिकाम्या साखळीपासून सुरुवात करून ती भरण्याआधीच घड्याळ थांबविल्याने दिसते. उत्पादनाचा दर दोन्ही पद्धतींत एकच आहे : दर १० सेकंदांना एक नग.

मग एक-नग प्रवाहाने साधते काय? साधते ते दुसरेच, आणि ते अधिक मोलाचे आहे. नगाचा साखळीतील मुक्काम २०० सेकंदांवरून ४० सेकंदांवर येतो. साखळीत अडकलेला अर्धवट माल २० नगांवरून ४ नगांवर येतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे दर तोच राहून मुक्काम पाचपट घटला की अर्धवट मालही पाचपट घटलाच पाहिजे. आणि पहिल्या टप्प्यावर झालेली चूक चौथ्या टप्प्यावर ध्यानात येईपर्यंत पहिल्या टप्प्याने बॅच पद्धतीत पंधरा नग करून टाकलेले असतात, तर एक-नग पद्धतीत तीन. दोष लवकर उघडकीस येणे हा या पद्धतीचा गाभा आहे. तो फळ्यावरच्या १५ आणि २७ या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

अशा खेळानंतर जो विद्यार्थी 'एक-नग प्रवाहाने उत्पादनाचा वेग ८० टक्क्यांनी वाढतो' असे सांगतो, त्याने खेळ जिंकलेला असतो आणि विषय गमावलेला असतो. तो पुढे एखाद्या लघुउद्योगात रुजू होऊन मालकाला हेच वचन देईल तेव्हा ते खरे ठरणार नाही. आणि त्याचे खापर पद्धतीवर फुटेल, नाहीतर तेथील कामगारांवर. खेळाचा गुणफलक अध्ययनाबद्दल काही सांगत नाही एवढेच म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. काही रचनांत तो चुकीचेच शिकवितो, आणि वर्ग आनंदाने टाळ्या वाजवीत ते शिकतो.

यात आणखी एक घटक मिसळलेला असतो, तो सरावाचा. टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमाननिर्मितीच्या खर्चाचा अभ्यास करताना दाखविले की एकूण उत्पादन दुप्पट होताच प्रति नग सरासरी श्रम सुमारे ८० टक्क्यांवर येतात. (राइट यांची विमाने कागदी नव्हती, परंतु नियम कागदी विमानांनाही सोडत नाही.) हे प्रमाण मानले तर पहिल्या घडीला ६० सेकंद घेणाऱ्या विद्यार्थ्याची सोळा नगांपर्यंतची सरासरी २५ सेकंदांच्या आसपास आलेली असते. लीनची फेरी नेहमीच शेवटी येत असल्याने सरावाचा सारा लाभ तिच्या खाती जमा होतो. फेऱ्यांचा क्रम अर्ध्या गटांसाठी उलटा ठेवला, अथवा हात बसेपर्यंत आधी पुरेसा सराव करू दिला, तर हा घोळ बऱ्याच अंशी निस्तरता येतो. उलट्या क्रमात आकडे घसरतील, खेळ फसल्यासारखा वाटेल, म्हणून तसे सहसा कोणी करीत नाही.

हरण्याने शिकविणारा खेळ

गुणफलक आणि अध्ययन यांची फारकत दुसऱ्या टोकाकडूनही पाहता येते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या परंपरेत तयार झालेला 'बिअर गेम' पुरवठासाखळीच्या प्रशिक्षणात सर्वत्र वापरला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे दर आठवड्यास ४ पेट्या आणि पाचव्या आठवड्यापासून ८. एवढा एकच बदल, नंतर काही नाही. तरीही साखळीत प्रचंड हेलकावे निर्माण होतात. जॉन स्टरमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळणाऱ्यांचा सरासरी खर्च आदर्श खर्चाच्या सुमारे दहापट निघाला.

या खेळात जवळजवळ सारेच हरतात, आणि शिकण्यासारखे जे आहे ते हरण्यातच आहे. खेळ संपल्यावर, मागणीचा खरा आलेख दाखविण्यापूर्वी, खेळणाऱ्यांना ग्राहकाची मागणी कशी असावी त्याचा आलेख काढावयास सांगतात. बहुतेक जण वरखाली होणारी रेषा काढतात. आपल्याच निर्णयांनी उठलेल्या लाटांचे कर्तृत्व ते ग्राहकाला देऊन टाकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील मापनाचा हा एक अत्यंत मार्मिक नमुना आहे. त्यात खेळणाऱ्याला आवडले का हे विचारलेले नाही, किती गुण मिळाले हेही नाही. त्याच्या मनात व्यवस्थेचे कोणते चित्र आहे, ते कागदावर उतरवून घेतले आहे. खंत एवढीच की हे रेखाटन चर्चेला रंग आणण्यापुरते वापरले जाते. चर्चेनंतर, वेगळ्या व्यवस्थेचे वर्णन देऊन, पुन्हा एकदा रेखाटन करून घेतले तर पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी आयतीच हाती येईल.

खेळातील कामगिरी आणि अध्ययन यांचा संबंध थेट तपासण्याचे प्रयत्नही झाले आहेत. वॉशबुश आणि गोसेन यांनी २००१ साली व्यवसायविषयक अभिरूप खेळांवरील आपल्या अनेक अभ्यासांचा आढावा मांडला. विद्यार्थी शिकतात, हे त्यांच्या चाचण्यांतून दिसले. परंतु खेळात कोणी किती चांगली कामगिरी केली याचा आणि तो किती शिकला याचा संबंध आढळला नाही. आपल्याकडे अंतर्गत मूल्यमापनात खेळातील क्रमांकाला गुण देण्याचा प्रघात काही ठिकाणी पडू लागला आहे. तो पाडण्यापूर्वी हा निष्कर्ष वाचला जावा.

अभिप्राय पत्रकाचे मोल

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये मांडलेल्या प्रशिक्षण-मूल्यमापनाच्या चार पायऱ्या, म्हणजे प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम, या बहुतेक अध्यापकांना पाठ असतात. पाचबिंदू पदनिश्चयन श्रेणीवरचे अभिप्राय पत्रक ही पहिली पायरी आहे. व्यवहारात मात्र पहिल्या पायरीवर उभे राहून दुसऱ्या पायरीचा निष्कर्ष जाहीर केला जातो. अ‍ॅलिगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली केलेल्या संकलित विश्लेषणात प्रशिक्षण आवडल्याची भावना आणि लगेचच्या ज्ञानचाचणीतील गुण यांचा सहसंबंध जवळजवळ शून्य निघाला. प्रशिक्षण उपयुक्त वाटले या मताचा सहसंबंध किंचित बरा होता, तरी क्षीणच.

शिकल्याची भावना आणि शिकणे यांच्यातील अंतर उलट्या दिशेनेही पडू शकते. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील डेलोरिये आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासात कृतियुक्त पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचे याच्या उलट झाले. तेव्हा 'मला विषय समजला' या विधानापुढे 'पूर्णतः सहमत' अशी खूण पडली, तर ती विद्यार्थ्याच्या मनःस्थितीची नोंद होय. ती खोटी नसते. ती दुसऱ्याच गोष्टीबद्दल असते.

खेळापूर्वी आणि खेळानंतर स्वमूल्यमापन करून घेतल्याने अडचण सुटेल असे काहींना वाटते. जॉर्ज हॉवर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलेला एक दोष येथे आडवा येतो. प्रशिक्षणामुळे विद्यार्थ्याचा मापदंडच बदलतो. आधी ज्याने 'पुल पद्धती मला बऱ्यापैकी समजते' म्हणून स्वतःला चार गुण दिले, त्याला खेळ खेळल्यावर आपल्याला किती कमी समजत होते हे कळते, आणि तो प्रामाणिकपणे पुन्हा चारच गुण देतो, कदाचित तीन. कागदावर प्रगती शून्य दिसते. खरे शिकलेला विद्यार्थी येथे तोट्यात जातो आणि न शिकता हुरूप आलेला फायद्यात.

हा ऊहापोह केवळ तात्त्विक नाही. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यापासून राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या निष्पत्तीआधारित पद्धतीनुसार प्रत्येक अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती किती साध्य झाल्या हे आपणा सर्वांस आकड्यांत दाखवावे लागते. परीक्षांतून येणारे प्रत्यक्ष मापन आणि सर्वेक्षणांतून येणारे अप्रत्यक्ष मापन अशी त्याची विभागणी असते. खेळासारख्या उपक्रमाचे अभिप्राय या तक्त्यात सहज शिरतात आणि एकदा दोन दशांश स्थळांपर्यंतची सरासरी निघाली की तिच्या मुळाशी काय होते हे कोणी विचारीत नाही. दुसरीकडे केंद्र शासनाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन योजना २००९ पासून प्रायोगिक स्वरूपात आणि मार्च २०२३ पासून नव्या रूपात राबविली जाते. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली येथील लहान कारखान्यांत अशी कामे करण्यासाठी जी तरुण मंडळी जातात ती आपल्याच वर्गांतून जातात. त्यांना काय येते याची चुकीची नोंद आपण केली, तर तिची किंमत ते कारखाने मोजतात.

चाचणी घेतली तरी

जे अध्यापक अभिप्रायावर न थांबता पूर्वचाचणी व उत्तरचाचणी घेतात त्यांचे अभिनंदन करूनही दोन-तीन शंका उरतात. एकाच गटाची आधी व नंतर चाचणी ही रचना कॅम्बेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ सालीच दुर्बल रचनांत काढली होती. मधल्या वेळात व्याख्यान झालेले असते, चर्चा झालेली असते, पूर्वचाचणीनेच विद्यार्थी सावध झालेले असतात. ओनो यांनी सांगितलेले अपव्ययाचे सात प्रकार उत्तरचाचणीत अचूक लिहिले गेले, तर ते खेळामुळे की फळ्यावर लिहून दिल्यामुळे, हे ठरविता येत नाही. गोसेन आणि वॉशबुश यांनी २००४ साली घेतलेल्या आढाव्यातही अनुभवाधिष्ठित अध्यापनाच्या बाजूचा बराच पुरावा मिळाला, पण काटेकोर संशोधनाच्या सर्व कसोट्यांना उतरणारे अभ्यास फारच थोडे निघाले.

तुलना कोणाशी करावयाची हाही प्रश्न आहे. ट्रेसी सित्झमान यांच्या २०११ मधील संकलित विश्लेषणात, जे संगणकीय खेळांपुरते आहे, खेळ खेळलेल्यांचा आत्मविश्वास तुलनागटापेक्षा २० टक्क्यांनी, कार्यपद्धतीचे ज्ञान १४ टक्क्यांनी, तथ्यात्मक ज्ञान ११ टक्क्यांनी आणि धारणा ९ टक्क्यांनी अधिक आढळली. आत्मविश्वासाचा आकडा सर्वांत मोठा आहे, याची नोंद घ्यावी. शिवाय तुलनागटालाही कृतिशील पद्धतीने शिकविले असेल तर तोच गट पुढे गेला, असेही त्यांना दिसले. म्हणजे खेळाची तुलना नीरस व्याख्यानाशी केली की खेळ जिंकतो. वर मांडलेला २,८६५ आणि २,८७७ चा हिशेब विद्यार्थ्यांकडून कागदावर करून घेतला, आणि त्याच्याशी तुलना केली, तर काय होईल हे आधी सांगता येणार नाही. दोन तुकड्या असलेल्या कोणत्याही विभागात हा प्रयोग एका सत्रात करता येईल. खर्च काही नाही.

संख्याशास्त्रीय दृष्ट्या एक चूक फारच सर्रास दिसते. साठ विद्यार्थी सहा-सहाच्या दहा गटांत खेळले तर ते साठ स्वतंत्र निरीक्षणे ठरत नाहीत. एका गटातील सहा जण एकच खेळ जगलेले असतात, एकाच हुशार सहाध्यायाच्या प्रभावाखाली असतात. विश्लेषणाचे एकक गट हे आहे, आणि दहा गटांवर टी-चाचणी लावून 'अत्यंत सार्थ' फरक दाखविताना हात थोडा जड व्हावयास हवा.

मोजावे ते काय

लीन पद्धती समजली याची खूण, ती कोठे लागू पडत नाही हे सांगता येणे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. म्हणून चाचणीतील प्रश्न खेळाच्या पटावरून उठवून अपरिचित ठिकाणी नेला पाहिजे. शैक्षणिक मानसशास्त्रात ज्याला आपण अध्ययन संक्रमण म्हणतो ते येथे अभिप्रेत आहे.

एक नमुना देतो. वरचीच चार टप्प्यांची साखळी. पण आता अ आणि ब असे दोन प्रकारचे नग करावयाचे आहेत आणि दुसऱ्या टप्प्यावर प्रकार बदलताना ६० सेकंदांचे सेटिंग करावे लागते. एकेक नग आलटूनपालटून पाठवावा काय? ज्याने घोषणा पाठ केली आहे तो 'होय' म्हणेल. त्याच्या साखळीचा दर ७० सेकंदांना एक नग इतका घसरेल, तर पाचाच्या बॅचने तोच दर सरासरी २२ सेकंदांना एक असा राहतो. ज्याला विषय कळला आहे तो आज बॅच ठेवील आणि सेटिंगचा वेळ कसा घटविता येईल हे विचारील. शिगेओ शिंगो यांच्या कार्याचा एक मोठा भाग याच प्रश्नाभोवती फिरतो. ही दोन उत्तरे खेळात कधीच वेगळी पडत नाहीत, कारण कागद दुमडायला सेटिंग लागत नाही.

दुसरा नमुना कोल्हापूरच्या फौंड्रीचा घेता येईल. इंडक्शन भट्टीत एका वेळी वितळलेला धातू त्याच वेळी साच्यांत ओतावा लागतो. तेथे एक-नग प्रवाह हा शब्दच थिटा पडतो. मग त्या भट्टीच्या आधी साचे किती तयार ठेवावेत, नंतरच्या फेटलिंगला माल कसा सोडावा, आणि कास्टिंगमधला दोष किती नगांनंतर कळतो? विद्यार्थी या तीन प्रश्नांपैकी कोणता प्रश्न आपण होऊन उपस्थित करतो, हे त्याच्या उत्तराइतकेच बोलके असते. सरळ रेषेतील साखळीवरच भर ही २०१० च्या सर्वेक्षणातील उणीव चाचणीतून भरून काढण्याचा हा एक मार्ग आहे.

ओनो यांचे वर्तुळही पूर्णपणे टाकून देण्याचे कारण नाही. महाविद्यालयाचे कार्यशाळागृह, ग्रंथालयाची देवघेव खिडकी, मधल्या सुटीतील उपाहारगृह, यांपैकी एका ठिकाणी विद्यार्थ्याला तासभर उभे करावे आणि पाहिलेले लिहून आणावयास सांगावे. वडे तळून ठेवलेले किती, चहा मागितल्यावर किती वेळाने येतो, कुपनाची रांग आणि खाण्याची रांग यांत कोणती मोठी आणि का. ही टिपणे दोन अध्यापकांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावीत आणि त्यांच्या गुणांतील एकवाक्यता कोहेन यांच्या कप्पा गुणांकाने (१९६०) पाहावी. खेळापूर्वीची आणि खेळानंतरची टिपणे मिसळून, कोणती कधीची हे न सांगता तपासणाऱ्यांकडे दिली, तर पूर्वग्रहही आवरला जातो. यात श्रम आहेत, हे मान्य केले पाहिजे. साठ टिपणे दोनदा तपासणे म्हणजे दोन अध्यापकांचे दोन-तीन दिवस.

आणखी एक गोष्ट कोणत्याच चाचणीत येत नाही. खेळातला कामगार हा विद्यार्थी असतो; त्याची पाळी पाच मिनिटांची असते आणि अर्धवट माल संपला म्हणून त्याच्यावर कोणी ओरडत नाही. साठा काढून घेतला की साखळीतील प्रत्येक माणसावरचा ताण वाढतो, ही टीका माइक पार्कर आणि जेन स्लॉटर यांनी अमेरिकेतील वाहन कारखान्यांच्या अनुभवावरून १९८८ साली केली होती. ती सर्वस्वी मान्य करावी असे नाही. टोयोटाच्या पद्धतीत चूक दिसताच कामगाराने दोरी ओढून साखळी थांबविण्याची तरतूद आहे, हेही तितकेच खरे. पण आपला विद्यार्थी ही दोरी आपल्या आराखड्यात ठेवतो की नाही, हे तपासता येते. सुधारित साखळीचा आराखडा काढावयास सांगावे आणि त्यात काम थांबविण्याचा अधिकार कोणाला दिला आहे एवढे पाहावे. लीन पद्धतीतील माणसाचे स्थान त्याला कळले की नाही, यासाठी निराळी प्रश्नावली लागत नाही.

या चाचण्या खेळाच्या दिवशी घेण्यात फारसा अर्थ नाही. फळ्यावरचे आकडे पुसले जाऊन किमान एक सत्र लोटलेले असावे, आणि प्रश्न काढणारा अध्यापक खेळ घेणाऱ्याहून निराळा असावा. आपण घेतलेल्या खेळाची परीक्षा आपणच काढली की प्रश्न नकळत त्याच पटावर परत येतात. विभागात दुसरा अध्यापक नसेल तर शेजारच्या महाविद्यालयातून प्रश्न मागवावेत. विद्यापीठाच्या परीक्षांसाठी बाह्य परीक्षक आपण बोलावतोच.